ऊसपट्ट्यातल्या वर्गात हवामान बदल कसा शिकवावा?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतर शिक्षकांनाही संदर्भ लागेल. आपण सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि भूगोल शिकवता. हवामान बदलावर आपण काही तासिका घेतल्या आणि त्यांत २०१९ व २०२१ च्या महापुरांची उदाहरणे दिली. पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी तीन हरकती घेतल्या. मुले घाबरतात, ही पहिली. हे सगळे अजून सिद्ध झालेले नाही, तेव्हा दोन्ही बाजू सांगा, ही दुसरी. आणि वर्गात उसाचा विषय निघाल्यामुळे तिसरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: शाळेने शेतकऱ्याच्या विरोधात मुलांचे कान भरू नयेत. मुख्याध्यापकांनी ‘पुस्तकात आहे तेवढेच शिकवा’ असे सांगून विषय मिटवला आणि आता पुढे काय करावे, हा आपला प्रश्न आहे.

वर्गात भूगोल शिकवून आणि त्यानंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणात वावरून माझे मत असे झाले आहे की या तीन हरकतींना एकच उत्तर देऊ गेल्यास तिन्ही चुकतात. त्या तीन वेगळ्या वादांतून आलेल्या आहेत. पृथ्वी तापते आहे का आणि ती कोणामुळे, हा प्रश्न विज्ञानापुरता मिटलेला आहे आणि तो मिटलेला म्हणूनच शिकवावा. आपल्या गावात अमुक दिवशी आलेला पूर कशामुळे आला, हा प्रश्न अर्धा उघडा असतो आणि तो आकडे समोर ठेवून मुलांकरवी सोडवून घ्यावा लागतो. आता कोणी काय करायचे, कोणी किती झळ सोसायची, हा प्रश्न पूर्ण उघडा आहे आणि तिथे शिक्षकाने निकाल देऊ नये. वर्गात बहुतेक गोंधळ होतो तो या तिघांची सरमिसळ झाल्याने, आणि आपल्या वर्गातही तेच झाले असावे असे आपल्या वर्णनावरून वाटते.

आधी ‘दोन्ही बाजू’ घेऊ, कारण ही मागणी न्याय्य वाटते आणि शिक्षक तिच्यापुढे लगेच नमतो. हा युक्तिवाद आपल्या मातीतला नाही. तो प्रामुख्याने अमेरिकेतून आणि ब्रिटनमधून भ्रमणध्वनीवरच्या पुढे ढकललेल्या संदेशांच्या वाटेने आपल्याकडे आला आहे, आणि तिथे त्याचे काय झाले हे माहीत असले की समितीपुढे बोलणे सोपे जाते. ब्रिटनमध्ये सरकारने अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचा हवामान बदलावरचा माहितीपट इंग्लंडमधल्या सरकारी माध्यमिक शाळांना पाठवायचे ठरवले, तेव्हा केंट परगण्यातल्या एका शाळेच्या नियामक मंडळाचे सदस्य न्यायालयात गेले. त्यांचा आधार होता १९९६ च्या शिक्षण कायद्यातल्या ४०६ आणि ४०७ या कलमांचा. पहिले कलम शाळेत एकतर्फी राजकीय विचार रुजवण्यास मनाई करते आणि दुसरे राजकीय विषय आला तर समतोल मांडणीची अपेक्षा ठेवते. ऑक्टोबर २००७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला. माहितीपटाचा वैज्ञानिक गाभा मोटामोटी बरोबर आहे, तो शाळेत दाखवता येईल, पण शिक्षकांसाठीच्या मार्गदर्शक टिपणात सुधारणा करून, असा तो निकाल होता. कारण न्यायमूर्तींना त्यात नऊ ठिकाणी विज्ञानाच्या मुख्य प्रवाहापेक्षा अधिक काही सांगितलेले आढळले.

या निकालाचा उल्लेख दोन्हीकडचे लोक आपापल्या सोयीने करतात. त्या नऊ मुद्द्यांकडे नीट पाहणारे थोडे. किलिमांजारोवरचे बर्फ वितळणे, चाड सरोवर आटणे आणि अमेरिकेतले कॅटरिना चक्रीवादळ या तीन गोष्टी थेट हवामान बदलाच्या खात्यावर टाकल्या होत्या, आणि त्यासाठी पुरेसा पुरावा नाही असे न्यायालयाने नोंदवले. म्हणजे आक्षेप तापमानवाढीवर नव्हता. एखादी विशिष्ट घटना उचलून ‘बघा, हा हवामान बदल’ असे म्हणण्यावर होता. सांगलीच्या पुराबद्दल बोलताना आपल्यासारख्या शिक्षकाची अडचण नेमकी इथेच होते, म्हणून हा निकाल मी प्रशिक्षणात नेहमी सांगतो. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या शिक्षण विभागाने शाळांच्या राजकीय तटस्थतेबद्दल मार्गदर्शन काढले. त्यात हवामान बदल घडत असल्याचे शिकवणे हा राजकीय मुद्दा नाही, समतोलाच्या नावाखाली चुकीची माहिती मांडण्याची गरज नाही, मात्र त्यावर उपाय कोणते योजावेत हा राजकीय मुद्दा असू शकतो आणि तिथे वेगवेगळी मते समोर ठेवावीत, अशी स्पष्ट रेघ ओढलेली आहे. ही रेघ मला योग्य वाटते.

ती न ओढल्यास काय होते, हे अमेरिकेत दिसले. तिथल्या सरकारी शाळांतल्या सुमारे १५०० विज्ञान शिक्षकांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे ३० टक्के शिक्षक अलीकडची तापमानवाढ बहुधा नैसर्गिक कारणांनी झाली आहे असे वर्गात सांगत असल्याचे आढळले. त्याहून बोलकी गोष्ट अशी की या विषयातल्या शास्त्रज्ञांमध्ये किती एकमत आहे, याचा अंदाज निम्म्याहून कमी शिक्षकांना बरोबर करता आला. सगळेच काही मुद्दाम दिशाभूल करत नव्हते; पुष्कळांची स्वतःचीच तयारी नव्हती, आणि तयारी नसलेल्या माणसाला ‘दोन्ही बाजू’ हा मोठा आधार असतो.

तेव्हा आपली तयारी असू द्या. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे २८० होते. हवाईमधल्या मौना लोआ येथे १९५८ साली नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते आणि आता ४२० च्या पुढे गेले आहे. ‘सूर्यच जास्त तापला असेल’ अशी शंका आठवीतला एखादा चुणचुणीत मुलगा काढतोच, आणि ती काढावी. सूर्यामुळे तापमान वाढले असते तर वातावरणाचा खालचा आणि वरचा असे दोन्ही थर तापले असते; प्रत्यक्षात तपांबर तापत आहे आणि स्थितांबर थंड होत आहे, म्हणजे उष्णता खालीच अडकते आहे. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीने २०२१ च्या अहवालात मानवी हस्तक्षेपामुळे पृथ्वी तापल्याचे निःसंदिग्ध शब्दांत म्हटले. समितीतल्या पालकांना परदेशी अहवालाचे अप्रूप नसेल, तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल पुढे करा. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढल्याचे त्यात नोंदवले आहे. ‘हा आपल्याच सरकारचा अहवाल आहे’ या एका वाक्याने बैठकीतला सूर बदलतो, असा अनुभव आहे.

आता पुराकडे येऊ. ‘महापूर हवामान बदलामुळे आला’ असे वाक्य फळ्यावर लिहू नये. ते पूर्ण खोटे नाही, पण मुलाचे डोके तिथेच थांबते, आणि पालकाला वाटते की कर्नाटकातले आलमट्टी धरण, नदीपात्रातली बांधकामे, धरणांतून पाणी सोडण्याचे निर्णय हे सगळे बाजूला सारून गुरुजींनी दोष आभाळावर ढकलला. सांगलीत आयर्विन पुलाखाली ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याच्या बारा फुटांहून अधिक वर गेले होते, हे आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. कर्नाटकाने आलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेऊ नये, असे मोर्चे त्याने पाहिले आहेत. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने आलमट्टीच्या फुगवट्याला (धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याला) जबाबदार धरले नाही आणि ते कृष्णाकाठच्या अनेकांना आजही पटलेले नाही. इतके सगळे ज्याच्या घरात रोज बोलले जाते, त्या मुलाला एका कारणाचे सुटसुटीत उत्तर देणे हा त्याच्या अनुभवाचा अपमान आहे.

त्याऐवजी हा धडा उलट्या टोकाने सुरू करावा. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला ‘अतिवृष्टी’ म्हणजे काय, ते नेमके माहीत असते, कारण एका दिवसात महसूल मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की पंचनाम्याची चर्चा गावात सुरू होते. महसूल मंडळाचे रोजचे पावसाचे आकडे कृषी विभागाच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावर मिळतात. आपल्या मंडळाचे जितक्या वर्षांचे मिळतील तितके आकडे घ्या आणि आठवीच्या मुलांना गटांत वाटून द्या. प्रत्येक गटाने आपल्या वाट्याच्या वर्षासाठी तीनच गोष्टी काढायच्या: हंगामाचा एकूण पाऊस, पावसाचे दिवस (२.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेला दिवस), आणि ६५ मिलिमीटर ओलांडलेले दिवस. मग हे सगळे आलेखाच्या कागदावर एकाखाली एक मांडायचे.

यातून स्वच्छ चढता आलेख निघेल अशी आशा धरू नका. एका मंडळाचे दहा-पंधरा वर्षांचे आकडे इतके वरखाली होतात की त्यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि हेच मुलांना दिसायला हवे. एखादी मुलगी म्हणेल, ‘सर, यात तर काहीच दिसत नाही.’ तेव्हा तिला शाबासकी द्या, आणि मग मोठ्या प्रदेशाचे, दीर्घ काळाचे चित्र समोर ठेवा. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या त्याच अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात विशेष दिसते. उलट मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण पाऊस कमी, पण झोडपणारा पाऊस जास्त. हे कसे, असे मुले विचारतील. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, ही गोष्ट सातवी-आठवीच्या मुलाला सहज कळते. २२ आणि २३ जुलै २०२१ दरम्यान महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ते पाणी कोयनेच्या खोऱ्यातून आपल्याच दाराशी आले, हा दुवा नकाशावर बोट ठेवून दाखवा.

त्यानंतर फळ्यावर चार रकाने आखा: पाऊस किती पडला, धरणांत आधी किती पाणी होते आणि ते केव्हा सोडले, नदीला पसरायला जागा किती उरली आहे, आणि पाण्याच्या वाटेत कोणाची घरे व शेते होती. हवामान बदलाचा हात पहिल्या रकान्यात आहे. उरलेल्या तीन रकान्यांत माणसांचे निर्णय आहेत. पहिल्या रकान्यातही ‘किती हात’ हे मोजण्याचे शास्त्र आता तयार झाले आहे. जुलै २०२४ मध्ये केरळात वायनाडला दरडी कोसळल्या, त्या वेळच्या पावसाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञगटाने तापमानवाढीमुळे तो पाऊस सुमारे १० टक्क्यांनी अधिक तीव्र झाल्याचा अंदाज दिला आणि त्यातली अनिश्चितताही सांगितली. ‘झाला’ किंवा ‘नाही झाला’ अशा उत्तराची सवय लागलेल्या मुलांना ‘दहा टक्क्यांनी वाढला’ हे उत्तर आधी विचित्र वाटते. एकदा ते पचले की पुढचा सगळा विषय सोपा होतो.

आणि आता ऊस. आपण वर्गात नेमके काय म्हणालात हे आपण लिहिलेले नाही, पण बहुतेक ठिकाणी काय होते ते मी पाहिले आहे. मराठवाड्याचा दुष्काळ, २०१६ साली मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे, सिंचनाचे पाणी खाणारा ऊस आणि जागतिक तापमानवाढ हे सारे एका दमात सांगितले जाते. ऐकणाऱ्या मुलाच्या मनात त्याचा एकच अर्थ उतरतो, की आपल्या बापामुळे दुष्काळ पडला. त्या मुलाची वही, दप्तर, बहिणीचे लग्न हे सगळे कारखान्याच्या उचलीवर चाललेले असते. पालक चिडला तर त्याचे काय चुकले?

उसाचे पाणी आणि पृथ्वीचे तापमान हे दोन वेगळे धडे आहेत. आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात उभा राहतो आणि पाटपाण्यावर त्याला अफाट पाणी लागते, हा पाणीवाटपाचा प्रश्न आहे; तापमानवाढ नसती तरी तो राहिला असता. हवामान बदलाशी उसाचा जो खरा संबंध आहे तो दोन बाजूंनी आहे आणि दोन्ही सांगायला हव्यात. तोडणीनंतर पाचट पेटवून दिले की कार्बनी पदार्थ जमिनीत जाण्याऐवजी धुरात जातात, ही एक बाजू. पूररेषेच्या आतला ऊस आठवडाभर पाण्याखाली राहिला की शेंडा कुजतो आणि वर्ष-दीड वर्षाची मेहनत जाते, ही दुसरी. म्हणजे ऊसउत्पादक हा या गोष्टीतला आरोपी कमी आणि बाधित जास्त आहे. बुडीत उसाचा अनुभव असलेला आणि आता पाचटाची कुट्टी करून सरीत ठेवणारा एखादा पालक आपल्या गावात नक्की असेल. त्याला एका तासिकेसाठी बोलवा आणि मुलांनाच प्रश्न विचारू द्या: पाचट का जाळायचात, बंद का केले, ठिबकचा खर्च किती आला, पाणी किती वाचले, उतारा घटला का. ठिबक सगळ्यांना का परवडत नाही, हा प्रश्न निघाला तर निघू द्या. त्याचे उत्तर आपण देऊ नका.

यात पळवाट आहे असे कोणी म्हणेल. चंद्रपूरच्या एका शिक्षकांनी मला हेच ऐकवले होते. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील कोळशाच्या खाणीत किंवा २९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक वीज केंद्रात कामाला असतात, गावात उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, आणि तिथे ‘कोळसा जाळल्याने पृथ्वी तापते’ हे वाक्य गिळून टाकता येत नाही. बरोबर आहे, ते गिळू नये. कोळशाबाबत कारण थेट आहे आणि ते स्पष्टच सांगावे. पण ती वीज मुंबईत-पुण्यात जळते, खाण बंद झाली तर त्या कामगाराचे काय, आणि आज एका भारतीयाचे सरासरी उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आणि अमेरिकनाच्या कितीतरी पट कमी आहे, हे त्याच तासिकेत यायला हवे. ‘त्यांनी केले ते आपण का भोगायचे?’ हा प्रश्न मुले हमखास विचारतात. १९९२ पासूनच्या सगळ्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटी याच प्रश्नाभोवती फिरत आहेत, हे त्यांना कळले तर त्यांना स्वतःच्या प्रश्नाची किंमतही कळते.

भीतीच्या हरकतीवर मी थोडक्यात लिहितो, कारण तिच्यात तथ्य असले तरी तिचा रोख बहुधा चुकतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारतासह दहा देशांतल्या १०,००० तरुणांपैकी ५९ टक्क्यांनी आपण हवामान बदलामुळे खूप किंवा अत्यंत चिंतित असल्याचे सांगितले. हा आकडा पालकांच्या चर्चेत येतो, पण ती मुले १६ ते २५ वयाची होती. तिसरी-चौथीच्या मुलांवर तो लावता येत नाही. लहान वर्गांत ‘परिसर अभ्यास’ पुरेसा आहे: ढग, पाऊस, ओढा, झाडावरचे पक्षी, विहिरीची पातळी. त्या वयात जगबुडीच्या गोष्टी सांगणारा शिक्षक चूकच करतो, आणि वितळत्या हिमखंडावरच्या एकट्या अस्वलाचे चित्र लावण्याची आपल्याकडे गरज काय, हेही मला कधी उमगलेले नाही. पण आपल्या वर्गातल्या मुलांनी पूर माळ्यावर बसून पाहिला आहे, बोटीतून बाहेर पडली आहेत. त्यांची भीती धड्यातून आलेली नाही. अशा मुलांशी बोलताना उपयोगी पडते ते पूरपातळीचा इशारा कसा वाचायचा, गावातले उंचावरचे ठिकाण कोणते, कागदपत्रे आणि जनावरे आधी कोण हलवणार, हे ठरवणे. दहावीत ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा पाठ येतो. नदीकाठच्या शाळेने तोवर थांबू नये.

याउलट ज्या गोष्टींवर कोणीच हरकत घेत नाही त्यांची मला अधिक काळजी वाटते. दोन बाटल्यांचा प्रयोग घ्या. एका बाटलीत साधी हवा, दुसरीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिसळून तयार केलेला कार्बन डायऑक्साइड, दोन्हींवर दिवा, आणि दुसरी जास्त तापली की ‘हा हरितगृह परिणाम’. विज्ञान प्रदर्शनात तो हमखास असतो. प्रत्यक्षात त्या बाटलीत दिसणारा फरक मुख्यतः त्या वायूची घनता जास्त असल्याने आतल्या उष्णतेचे अभिसरण मंदावते म्हणून पडतो. इतक्या छोट्या बाटलीत अवरक्त किरण शोषले जाण्याचा वाटा नगण्य असतो. उत्तर बरोबर आणि कारण चूक, असा हा प्रयोग आहे, आणि उद्या एखाद्या जाणत्या पालकाने तो उलगडून दाखवला तर आपला सगळा धडा संशयाच्या भोवऱ्यात सापडेल. त्याऐवजी मुलांना विचारा की हिवाळ्यात कोणत्या रात्री जास्त गारठतात, निरभ्र की ढगाळ. निफाडच्या द्राक्षबागांत पारा पाच अंशांखाली उतरतो आणि शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्या रात्री आभाळ स्वच्छ असते. आभाळ आले की थंडी कमी होते, हे तासगावच्या बागायतदाराच्या मुलालाही माहीत असते. जमिनीतून निघणारी उष्णता ढग आणि बाष्प अडवतात आणि काही परत पाठवतात. कार्बन डायऑक्साइड हेच काम न दिसता, रात्रंदिवस करतो. यासाठी एकही बाटली लागत नाही.

दुसरी गोष्ट ओझोनची. ‘ओझोनच्या थराला छिद्र पडल्यामुळे सूर्याची उष्णता आत येते आणि तापमान वाढते’ हे वाक्य मी मुलांच्या इतक्या उत्तरपत्रिकांत, आणि काही शिक्षकांच्या टाचणांतही, वाचले आहे की हा धडा सुरू करण्यापूर्वी ‘पृथ्वी का तापते’ यावर मुलांना दोन ओळी लिहायला लावाव्यात असे मी सुचवतो. ओझोनचा प्रश्न अतिनील किरणांचा आहे. हा गैरसमज मुळातून उपटून काढल्याशिवाय वरचे काहीच रुजत नाही.

वृक्षारोपणाच्या फोटोंबद्दल एवढेच म्हणतो की झाडे लावावीत, पण त्यामुळे हवामान बदलाचा धडा शिकवून झाला असे समजू नये. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट होते आणि शाळाशाळांतून खड्डे खणले गेले. त्यातली आपल्या आवारातली किती जगली, हे मुलांनी मोजून नोंदवणे हा तेव्हाही उत्तम प्रकल्प होता आणि आजही आहे.

‘वेगळा विषयच करावा का?’ असेही आपण शेवटी विचारले आहे. माझे उत्तर नाही असे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ च्या आदेशात पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्यास सांगितले आणि १८ डिसेंबर २००३ च्या आदेशाने त्याच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा केला. हेतू उत्तम होता. पण आपल्याकडे श्रेणीपुरता असलेला विषय कसा शिकवला जातो, हे कोणी कोणाला सांगायला नको: गाईडमधून उतरवलेला प्रकल्प, रंगीत मुखपृष्ठ, मार्चमध्ये एकगठ्ठा सह्या. नववी-दहावीच्या जलसुरक्षेचे आणि अकरावी-बारावीच्या ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयाचे अनेक ठिकाणी हेच झाले आहे, आणि ती पुस्तके वाईट नसताना झाले आहे. इटलीने २०१९ मध्ये वर्षाला ३३ तासांची घोषणा केली तेव्हा तिचे जगभर कौतुक झाले. त्याच्या पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने वेगळा विषय न काढता अनेक विषयांत मिळून हवामान बदल शिकवण्याचे ठरवले. मला दुसरी वाट अधिक टिकाऊ वाटते. मात्र वाटलेली गोष्ट गुपचूप काढूनही टाकता येते, हे ध्यानात ठेवायला हवे. २०२२ मध्ये ‘एनसीईआरटी’ने कोविडनंतर अभ्यासाचा भार हलका करायचा म्हणून जो भाग वगळला, त्यात अकरावीच्या भूगोलातला हरितगृह परिणाम होता आणि सातवीच्या विज्ञानातले हवामान व वादळांवरचे पाठही होते. शिक्षकांच्या एका गटाने त्याविरुद्ध आवाज उठवला. बालभारतीची पुस्तके वेगळी असल्याने आपल्याला त्याची तेव्हा थेट झळ लागली नाही, पण राज्याचा नवा अभ्यासक्रम आता राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या अंगाने येत आहे, तेव्हा पुस्तक बदलेल त्या वर्षी हे पाठ कुठे गेले, ते जरूर तपासा.

‘पुस्तकात आहे तेवढेच’ या मुख्याध्यापकांच्या आग्रहाला विरोध करण्याची मला गरज वाटत नाही, कारण पुस्तकात पुष्कळ आहे. नेहमीच्या इयत्तांत पाऊस, वारे, वातावरणाचे थर, ऊर्जा, नकाशावाचन, आलेख हे सगळे येतेच, आणि दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘पर्यावरणीय व्यवस्थापन’ आणि ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ असे दोन पाठ सलग आहेत. आपण घेणार असलेल्या प्रत्येक तासिकेसमोर पुस्तकातला पाठ आणि अध्ययन निष्पत्ती लिहून एक पानाचे नियोजन मुख्याध्यापकांना द्या. पावसाचे आकडे गणितातल्या सरासरीच्या पाठाला जोडता येतात, त्यामुळे गणिताच्या शिक्षकांनाही सोबत घ्या. मोर्चा, घोषणाफलक, कोणत्याही पक्षाची किंवा संघटनेची सही-मोहीम शाळेच्या वेळेत घेऊ नका. सुट्टीच्या दिवशी एखादी विद्यार्थिनी पालकांसोबत अशा ठिकाणी गेली तर तिला अडवणे किंवा वर्गात त्यावरून बोलणे हे शाळेचे काम नाही.

समितीच्या पुढच्या बैठकीत भाषण करू नये असे सुचवतो. मुलांनी काढलेले पावसाचे आलेख भिंतीवर लावा, मंडळाच्या आकड्यांची यादी टेबलावर ठेवा आणि ज्यांनी हरकत घेतली त्यांनाच विचारा की २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांत पाणी त्यांच्या शेतात कोणत्या बांधापर्यंत आले होते. हे त्यांच्याइतके अचूक कोणालाच सांगता येणार नाही. त्या नोंदी मुलांना लिहून घेऊ द्या, गावाच्या नकाशावर तिन्ही रेषा वेगवेगळ्या रंगांत काढू द्या. नकाशा तलाठ्यांकडे मिळेल, आणि हे काम पाऊस सुरू होण्याआधी, जूनच्या पहिल्या पंधरवड्यापूर्वी उरकता आले तर पुढच्या हंगामात तो ग्रामपंचायतीलाही लागेल.